गांजा, बुद्धी आणि एका आईचा प्रश्न

तुकोबांची पालखी सणसरचा मुक्काम आटोपून बेलवाडीच्या रिंगणाकडे गेली, त्या दुपारी आमच्या आळीतली एक बाई दारात येऊन उभी राहिली. "सर, पोरगं अकरावीत हाय. गांजा वडतंय. सोडला तर डोकं पयल्यासारखं हुईल का?"

आयुष्यभर विज्ञान शिकवले, त्यामुळे 'गांजाने मेंदू सडतो' हे वाक्य तोंडाशी आलेच होते. पण तिने विचारले होते ते वेगळेच. मी चार दिवस मागून घेतले.

हा प्रश्न इंग्रज सरकारलाही पडला होता. गांजाने वेड लागते का, हे पाहण्यासाठी १८९३ साली एक आयोग नेमला गेला. त्याने हिंदुस्थानभर ११९३ साक्षी घेतल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरेही तपासली. तेव्हा दिसले, की दाखल करताना 'कारण : गांजा' हा शेरा कित्येकदा नीट चौकशी न करताच मारला जाई. बेताच्या सेवनाने मनावर फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने मात्र होतो आणि मूळचा कमकुवतपणा असेल तर वेडही लागू शकते, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

आयोगाला न दिसलेली गोष्ट पुढे प्रयोगशाळेत दिसली. १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी गांजातले नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, वेगळे केले. १९८८ साली हे द्रव्य मेंदूत जिथे चिकटते ती ग्राहके सापडली. मग मेंदू स्वतः असे काय बनवतो, याचा शोध सुरू झाला. १९९२ साली ते द्रव्य मिळाले आणि त्याला नाव दिले गेले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृत 'आनंद'वरून!

आनंदामाइडचे काम ब्रेकचे. एक पेशी दुसरीला संदेश देते. ऐकणारी पेशी आनंदामाइड मागे धाडून सांगते, 'बास, जरा हळू.' हे घडते हवे तिथे आणि क्षणभरच. गांजा ओढला की हाच ब्रेक सगळीकडे आणि तासन्‌तास दाबला जातो. स्मरणाच्या केंद्रात ही ग्राहके दाट असतात. म्हणून बोलता बोलता वाक्याचा धागा सुटतो, वाचलेले ठरत नाही. विचार आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. सोळाव्या वर्षीचा गांजा आणि चाळिशीतला गांजा एक नव्हे, तो यामुळे.

बुद्ध्यंकाचे काय? न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा माग ठेवला गेला. किशोरवयात लागलेले व्यसन पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे ८ अंकांनी घसरल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यावर आक्षेपही आला : ही घसरण गांजाची, की घरच्या परिस्थितीची? २०१६ साली अमेरिकेतील जुळ्यांच्या अभ्यासात गांजा ओढणारा भाऊ न ओढणाऱ्यापेक्षा जास्त घसरलेला आढळला नाही. म्हणजे बुद्ध्यंकाचा वाद मिटलेला नाही.

वेडाचा धोका मात्र हलका मानता येत नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजारांवर तरुणांची पंधरा वर्षे नोंद ठेवली गेली. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट निघाले. यातही इतर कारणे मिसळलेली असू शकतात. पण घराण्यात असा आजार असेल, त्याने या वाटेला जाऊच नये.

आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर बोस्टनच्या अभ्यासात सापडले. नियमित गांजा ओढणाऱ्या १६ ते २५ वयाच्या मुलांनी महिनाभर तो सोडला. नवे शिकून ध्यानात ठेवण्याची शक्ती पहिल्याच आठवड्यात सुधारलेली दिसली.

पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. म्हणालो, "बाई, डोकं सडलेलं नाही, दबलेलं आहे. आता सोडला तर बरंचसं परत येईल. पण 'मेंदू गेला' असं त्याच्या तोंडावर म्हणू नका; गेलाच असेल तर सोडायचा कशाला, असं त्याला वाटेल. आणि घराण्यात कुणाला वेडाचा आजार होता का, तेवढं आठवून सांगा."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याचा चुलता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघे बारामतीला डॉक्टरांकडे गेलो.