डिझाईनच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेताना 'गेमिंग' शब्दाला घाबरू नका

जवाहरनगरमध्ये प्रवेशाचे अर्ज भरून देताना एका घरातले भांडण माझ्यापर्यंत आले. डिझाईनला निघालेल्या मुलाने गेमिंग लॅपटॉप मागितला आणि वडील भडकले. "शिकायला चाललास की खेळायला?" वडील कंत्राटी कामावर. सत्तर-ऐंशी हजार म्हणजे त्यांची कित्येक महिन्यांची कमाई. त्यांचा राग मला समजतो, पण मुलाचे म्हणणेही बरेचसे खरे होते.

गेममधले दृश्य पडद्यावर उभे करतो तो भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खुर्चीचे त्रिमितीय मॉडेल करून त्यावर उजेड-सावली टाकायची, म्हणजे रेंडर करायचे, तेव्हाही तोच भाग राबतो. म्हणून ॲनिमेशन, गेम डिझाईन किंवा प्रॉडक्ट डिझाईन शिकणाऱ्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप खरोखर उपयोगी पडतो. ग्राफिक किंवा टेक्स्टाईल डिझाईनवाल्याला मात्र महागडे कार्ड लागत नाही. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरला आधी चांगला प्रोसेसर आणि पुरेशी रॅम हवी. रॅम १६ जीबी असावी. पुढे वाढवता येते का, हेही विचारा. काही मॉडेलांत ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते.

खरी फसगत होते ती स्क्रीनमध्ये. दुकानदार '१४४ हर्ट्झ' जोरात सांगतो. त्याने गेममधली हालचाल सफाईदार दिसते, रंग सुधारत नाहीत. स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या माहितीपत्रकात अनेकदा बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. असा पडदा फिकट असतो. त्यावर जयंतीच्या बॅनरचा निळा मनासारखा दिसेना म्हणून मुलगा तो वाढवत जातो आणि तीच फाईल चांगल्या मोबाईलवर उघडली की निळा डोळ्यांवर येतो. रंगांचे शिक्षण घेणाऱ्याने '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलाच पडदा घ्यावा. त्यासाठी कार्ड एक पायरी खालचे घ्यावे लागले तरी चालेल. गेम थोड्या कमी सेटिंगवर खेळता येतो.

आणखी एक गोम. कार्डाचे नाव एकच असले तरी ताकद एक नसते. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०६० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या क्षमतेने बसवले जाते. नावावर न जाता वॅट विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक टाकून पाहा. मॅकबुकचा पडदा उत्तम असतो, पण बरेच गेम आणि सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत. गेमिंग लॅपटॉप जड असतो, बॅटरीवर पूर्ण जोर लावत नाही आणि तापतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो गादीवर ठेवून रेंडर लावू नका.

आता पैशाचे. प्रवेश पक्का होण्याआधी खरेदी करू नका. डिझाईनच्या पहिल्या वर्षी हाताने रेखाटन, रंग, कागद, माती यांचे काम भरपूर असते. कोणत्या शाखेला काय लागते, हे संस्थेकडूनच विचारून घेता येते.

एनआयडी, एनआयएफटी, आयआयटी अशा यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे लागते. शिक्षण शुल्काशिवाय पहिल्या वर्षी ८६,००० रुपये आणि पुढे दरवर्षी ४१,००० रुपये मिळतात. राहणे, पुस्तके, लॅपटॉप हा सगळा खर्च त्यातूनच करायचा असतो. नव्याने अर्ज पहिल्या वर्षीच करता येतो आणि संस्थेनिहाय जागा ठरलेल्या असतात. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीचा लाभ केंद्रात मिळतो, पण जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढून ठेवा. आपली बरीच मुले ऐन वेळी तिथेच अडकतात.

त्या घरात सध्या तह झाला आहे. प्रवेशाची यादी लागेपर्यंत पैसे बँकेतच राहणार. यादी लागली की बापलेक सोबत नागपूरला सीताबर्डीला जाणार, आणि दुकानात आधी पडद्याचा प्रश्न वडील विचारणार. त्यांनी तो वहीत लिहून घेतला आहे.