गिऱ्हाइकाचे चित्र, स्वतःचे चित्र

पाट्या रंगवून घर चालविणाऱ्या आपल्या पोरांना हा पेच ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचे काम संपेपर्यंत रात्र होते. मग स्वतःचे चित्र कधी काढायचे?

शांतिनिकेतनचे नंदलाल बोस (१८८२-१९६६) यांनाही सोपविलेली कामे पुष्कळ. १९०९ साली लेडी हेरिंगहॅम यांच्यासाठी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला ते आले. दुसऱ्याचेच काम, पण आमच्या मते हात तिथेच घडला. पुढे राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत त्यांनी विद्यार्थ्यांसह सजविली. पाचव्या भागाच्या आरंभी तथागत आहेत, सातव्याच्या आरंभी धम्मप्रसार करणारा अशोक.

आणि स्वतःचे? ते पोस्टकार्डावर! झाड, शेळी, वाटसरू दिसला की चार फटकारे मारायचे आणि कार्ड शिष्याला, स्नेह्याला धाडायचे. त्याला ना मुदत, ना मोबदला.