जुना पत्ता, नवें पाकीट

कळमनुरीच्या पत्त्यावर ‘जिल्हा परभणी’ असें लिहिलेलें जुनें पत्र आज धाडावयाचें, तर तें न फाडतां नव्या पाकिटांत घालून वर ‘जिल्हा हिंगोली’ लिहावें. १ मे १९९९ रोजीं जिल्हा बदलला, मजकूर बदलला नाहीं.

कालबाह्य प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांच्या संभाषणाची ठरीव रीत, पुन्हा चालविण्याची युक्ति हीच. नॉव्हेल कंपनीची ‘आयपीएक्स’ ही रीत एके काळीं कचेऱ्यांतून सर्रास असे. १९९३ सालचा ‘डूम’ हा खेळहि तिच्याच आधारें चौघे चार यंत्रांवर खेळत. पुढें विंडोज व्हिस्टानें ती टाकली. २०१८ सालीं लिनक्सच्या गाभ्यांतूनहि ती गेली. खेळ शाबूत, पण मुका!

त्याला वाचा देतो ‘डॉसबॉक्स’. हा प्रोग्राम नव्या संगणकावर जुन्या यंत्राचें सोंग घेतो, आयपीएक्सचा निरोप इंटरनेटच्या ‘यूडीपी’ पाकिटांत घालतो, आणि पलीकडचा डॉसबॉक्स पाकीट फोडून तो खेळाच्या हवालीं करतो. खेळाला या उलाढालीची वार्ताहि नसते. एका यंत्रावर ‘आयपीएक्सनेट स्टार्टसर्व्हर’ ही आज्ञा द्यावी. इतरांनीं ‘आयपीएक्सनेट कनेक्ट’ म्हणून त्या यंत्राचा पत्ता द्यावा. मात्र डूम लिहिला गेला तो एका दालनांतील तारांसाठीं. एक गडी हिंगोलीस व दुसरा बोस्टनला असला, तर सर्वांत मंद दुव्यासाठीं बाकीचे खोळंबतात.