शिक्का श्विनचा, हात दुसऱ्याचे

अमेरिकेतली जुनी श्विन सायकल जवळून पाहिली, की ब्रेक, गिअर अशा सुट्या भागांवर दोन शब्द कोरलेले दिसतात: ‘श्विन अप्रूव्ह्ड’. भाग बाहेरचा, पसंती शिकागोच्या श्विन घराण्याची. १८९५ पासून सायकली बनवणाऱ्या या घराण्याचा त्या शिक्क्यावर फार भरवसा होता. बनवो कुणीही, पास-नापास ठरवणारे आपण!

१९७२ मध्ये किंग लिउ यांनी तैवानात जायंट सुरू केली. आपल्या भोसरी-चाकणच्या भाषेत सांगायचं तर जॉबवर्कवाली कंपनी. फ्रेम हिची, नाव गिऱ्हाइकाचं. काही वर्षांत जायंटच्या टोनी लो यांनी श्विनचं काम मिळवलं. मग १९८० मध्ये शिकागोत संप झाला. कारखाना तसाही जुनाट होता. तिथली लाडकी ‘व्हर्सिटी’ सायकल अठरा किलोच्या घरात जायची आणि लोकांना हलकी सायकल हवी होती. श्विनने काम तैवानकडे वळवलं, सोबत यंत्रं दिली, अभियंते पाठवले. १९८३ मध्ये शिकागोचा कारखाना बंद झाला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर श्विनच्या दर तीन सायकलींतल्या दोन जायंट बनवत होती. जायंटच्या विक्रीतला पाऊण हिस्साही श्विनचाच होता. दोघांचेही पाय एकमेकांत अडकलेले.

काम असं बाहेर सोपवलं, की नकलेची भीती आलीच. परदेशी कारखान्याकडून नकल म्हटली, की लोकांना ‘तिसरी पाळी’ आठवते. दोन पाळ्या गिऱ्हाइकाच्या मालाच्या, तिसरी कारखानदाराच्या स्वतःच्या. साचे तेच, कारागीर तेच. न्यू बॅलन्स या बूट कंपनीने १९९९ मध्ये चीनमधल्या एका कंत्राटदाराचं काम काढून घेतलं, तरी त्याने तिचे बूट बनवणं थांबवलं नाही. ते परदेशातही स्वस्तात विकले गेले. अशा मालाकडे निदान ‘नकली’ म्हणून बोट दाखवता येतं.

श्विनकडून मात्र कुणी काही चोरलं नाही. जोड कुठे तुटतो, रंग किती टिकतो, दुकानदार कशाबद्दल कुरकुरतो, हे सगळं जायंट मालाच्या तक्रारींतून शिकत गेली. फी श्विनच भरत होती.

१९८७ मध्ये श्विनने आणखी स्वस्त हात शोधले आणि शेन्झेनच्या चायना बायसिकल कंपनीशी करार केला. ही माझ्या मते घोडचूक. शिकवलेल्या शिष्याला सोडून दुसरा शिष्य धरला. जायंटकडे तोवर कारखाना होता, कसब होतं, फक्त गिऱ्हाईक जात होतं. तिने स्वतःच्या नावाची सायकल अमेरिकेत उतरवली. तिथला कारभार पाहायला बिल ऑस्टिन आले, तेही पूर्वी श्विनमध्येच होते. पुढे शेन्झेनच्या कंपनीनेही डायमंडबॅक या अमेरिकी ब्रँडची मालक कंपनी विकत घेतली. म्हणजे दोन्ही शिष्य समोरच्याच फुटपाथवर दुकान मांडून बसले.

माउंटन बाइकची लाट ओळखायलाही श्विनला उशीर झाला, हे खरं. त्यामुळे सगळं खापर तैवानवर फोडता येत नाही.

ऑक्टोबर १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच वर्षी चार पिढ्यांची कंपनी घराण्याबाहेर विकली गेली. गिऱ्हाईक घ्यायला आलं, ते मुख्यतः नावासाठी.