फायर ऑडिट म्हणजे नेमकं काय? सिलिंडर टांगला म्हणजे काम संपलं असं नाही!

दवाखाना, शाळा, मंगल कार्यालय, जिनिंग किंवा पतसंस्था, कुठेही गेलं तरी भिंतीवर लाल सिलिंडर दिसतो. तो शेवटचा कधी तपासला, हे मात्र तिथल्या कर्मचाऱ्यांनाही अनेकदा सांगता येत नाही. फायर ऑडिटची सुरुवात नेमकी याच प्रश्नापासून होते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली आणि किमान ११ रुग्णांचा जीव गेला. या घटनांनंतर फायर ऑडिट हा शब्द गावोगावी पोहोचला.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, कायद्याच्या कक्षेतील इमारतीत आगीपासून बचावाची साधनं बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. इमारत भाड्याची आहे म्हणून वापरणाऱ्याला हात वर करता येत नाहीत. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजेच 'फॉर्म बी', वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं. एजन्सीकडे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना आहे का, हे आधी पाहून घ्यावं.

ऑडिटमध्ये काय पाहतात?

'फॉर्म बी' बसवलेल्या यंत्रणेपुरता असतो. ऑडिटमध्ये मात्र अख्खी इमारत तपासली जाते.

• बाहेर पडण्याचे मार्ग : जिन्यात खोकी, जुन्या खुर्च्या नाहीत ना? मागच्या दाराला कुलूप तर नाही?
• वायरिंग : जुन्या वायरवर नवा एसी, गिझर जोडला आहे का? एमसीबी वारंवार पडते म्हणून जास्त क्षमतेची बसवली असेल तर धोका वाढतो. वायर तापत राहते, पण एमसीबी पडत नाही.
• अग्निशामक : पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो.
• पाणी : टाकी भरलेली आहे का, पंप चालू होतो का, वीज गेल्यावर काय?
• माणसं : रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला सिलिंडर चालवता येतो का? रुग्णांना किंवा मुलांना कोणत्या दाराने बाहेर काढायचं, हे ठरलं आहे का?

जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्यांमधलं अंतरही पाहतात. कापूस आतल्या आत धुमसतो. वरून पाणी मारून आग विझल्यासारखी वाटते, पण काही वेळाने ती पुन्हा पेट घेते.

ग्रामीण भागात जास्त गरज का?

अग्निशमन बंब बहुतेक वेळा नगरपरिषदेच्या गावातून येतो. वीस-पंचवीस किलोमीटर अंतर आणि खराब रस्ता असेल, तर पहिली काही मिनिटं तिथे असलेल्या लोकांनाच निभावून न्यावी लागतात. बहुतेकदा आगीच्या ज्वाळांआधी धूरच जीव घेतो. त्यामुळे दार उघडं असणं सिलिंडरइतकंच महत्त्वाचं आहे.

सिलिंडर कसा वापरायचा?

पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवा. छोटा सिलिंडर काही सेकंदांत रिकामा होतो. त्यामुळे पाठीमागे बाहेर पडायची वाट ठेवूनच उभं राहा. विजेच्या आगीवर पाणी मारू नका, आधी मेन स्विच बंद करा. आग आवाक्याबाहेर गेली तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

अहवाल आल्यावर पुढे काय?

खरी अडचण इथेच होते. अहवालात त्रुटी लिहिल्या जातात आणि फाईल कपाटात जाते. प्रत्येक त्रुटीसमोर कोण, कधीपर्यंत आणि कोणत्या खर्चातून दुरुस्ती करणार, हे लिहून घ्यावं. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभेत नागरिकही हा प्रश्न विचारू शकतात : ऑडिट कधी झालं, आणि त्यातलं किती काम पूर्ण झालं?