ताप उतरल्यानंतर

वणी तालुक्यातलं राजूर हे कोळशाचं आणि चुन्याचं गाव. खाणीवर, चुनाभट्टीवर किंवा कापसाच्या वावरात राबणाऱ्या घरातलं दीड वर्षाचं लेकरू हगवणीनं मलूल झालं, की आई त्याला कडेवर घेऊन वणी गाठते. प्रकृती ढासळलीच तर पुढे चंद्रपूर, नाहीतर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. केसपेपरवर निदान येतं हगवणीचं किंवा न्यूमोनियाचं. औषधं लागू पडतात, ताप उतरतो, सुटी होते. पण याच लेकराला जडलेला दुसरा आजार, कुपोषण, त्या कागदावर अनेकदा येतच नाही.

तो दुर्मीळ मात्र मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कमी वजनाची निघाली. १०.९ टक्के तर तीव्र कुपोषित होती.

संसर्ग आणि कुपोषण एकमेकांना बळ देतात. तापात शरीराला जास्त अन्न लागतं, आणि नेमकी तेव्हाच भूक मरते. हगवणीत आतड्याचं अस्तर दुखावतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, जस्त वाहून जातं. वजन घटलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती खचते आणि पुढचा जंतू सहज शिरकाव करतो. नेविन स्क्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दुष्टचक्र १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात सविस्तर मांडलं. त्याला आता अर्धशतक उलटून गेलं.

तीव्र कुपोषित मूल आजारी पडलं की नेहमीच्या खुणाही फसवतात. अंगात जंतू पसरलेले असतानाही अनेकदा ताप येत नाही. उलट अंग गार पडतं, रक्तातली साखर उतरते. हगवण लागली म्हणून सलाईन भराभर सोडलं, तर दुबळ्या हृदयाला ते पेलत नाही. एकदम भरपूर खाऊ घालणंही जिवावर बेतू शकतं. म्हणून सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असलेलं दूध थोडं थोडं, रात्रीही देतात, आणि मूल सावरलं की आहार वाढवतात. मूल कुपोषित आहे हे डॉक्टरांना दाखल करतानाच कळायला हवं, ते यासाठी.

आणि ते कळायला यंत्रसामग्री लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित. दोन्ही पावलांवर सूज असेल तरीही तेच. अंगणवाडी सेविकेकडची रंगीत पट्टी वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवर फिरायला किती वेळ लागतो?

साधी साधनं काय करू शकतात, हे विदर्भानंच जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८८ मध्ये गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला, औषध द्यायला शिकवलं. त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले.

सुटी झाली म्हणजे धोका टळला, असंही नाही. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सहा देशांत, दोन ते तेवीस महिन्यांच्या ३,१०१ आजारी मुलांचा 'चेन' या संशोधकगटानं पाठपुरावा केला. त्यातली ३५० दगावली, आणि जवळपास निम्मी रुग्णालयातून घरी गेल्यानंतर. हा आकडा अस्वस्थ करणारा आहे, कारण घरी गेलेल्या मुलाची नोंद 'बरा झाला' अशी होते.

अशा मुलांसाठी सरकारची पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत. तिथं साधारण दोन आठवडे राहावं लागतं. आईला बुडालेल्या मजुरीपोटी भत्ता मिळतो. तरी हातावर पोट असलेल्या घरात, दुसरं लेकरू मागे ठेवून, इतके दिवस राहणं सोपं नसतं. तिला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे. तिचा भत्ता वेळेवर हाती पडला पाहिजे. सुटीच्या कागदावर वजन आणि दंडघेर लिहून तो गावच्या आशाताईपर्यंत पोचला पाहिजे, आणि आजारातून उठलेल्या मुलाला निदान दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यायचं, हे आईला वॉर्डातच नीट समजावून सांगितलं पाहिजे.