थोडा झोल हवाच

‘घरी लॅपटॉपवर लोण्यासारखा चालणारा व्हिडिओ गॅदरिंगच्या दिवशीच का अडकतो?’ एका शिक्षिकाबाईंनी पत्रातून विचारलं आहे. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांवरची बारा मिनिटांची फिल्म चौथ्या मिनिटाला थिजली. सरांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि सगळी शाळा ते बघत बसली. बाई लिहितात, ‘लॅपटॉप तोच, व्हिडिओ तोच, पेन ड्राइव्हही तोच होता.’ हे शेवटचं मी दोनदा वाचलं. त्याकडे येऊच, पण त्याआधी जरा जत्रेत जाऊन येऊ.

आमच्या गावच्या जत्रेत टूरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. मला पडद्यापेक्षा मशीनचं वेड. ऑपरेटर रीळ चढवताना गेटच्या वर आणि खाली फिल्म मुद्दाम सैल सोडायचा. त्या सैल कमानीत दोन बोटं घालून बघायचा आणि मगच झाकण लावायचा. का, असं विचारलं तर म्हणायचा, ‘झोल नको का? ताणली तर तुटंल की.’

त्या दोन बोटांत सिनेमाचा अर्धा इतिहास आहे. रिळं एका गतीने फिरत असतात. गेटपाशी मात्र प्रत्येक चित्र क्षणभर ठार स्थिर राहायला हवं, नाहीतर पडद्यावर नुसता फराटा दिसेल. म्हणजे तीच पट्टी वर संथ सरकते आणि मध्ये सेकंदाला चोवीस वेळा थांबते, चालते. वजनदार रिळाला हे हिसके थेट बसले तर पट्टी फाटणारच. तो झोल हिसके स्वतः खातो. सुरुवातीच्या फिल्मा जेमतेम मिनिटाभराच्या असायच्या, त्याचं एक कारण झोलाविना पट्टी फाटायची, हेच. अमेरिकेतल्या लेथम बापलेकांना आख्खी मुष्टियुद्धाची लढत दाखवायची होती. मे 1895 मध्ये न्यू यॉर्कमध्ये त्यांनी तिकीट लावून तसा खेळ केलाही, ल्यूमिएर बंधूंच्या पॅरिसमधल्या प्रसिद्ध खेळाच्या सात महिने आधी. त्या सैल कमानीला आजही ‘लेथम लूप’ म्हणतात.

आता माझी तक्रार. लेथमांचं यंत्र घडवलं ते युजेन लोस्त नावाच्या फ्रेंच कारागिराने. तो आधी एडिसनच्या प्रयोगशाळेत होता. झोलाची कल्पना त्याची की त्याचा तिथला सहकारी डिक्सन याची, यावर इतिहासकार अजून भांडतात. पेटंटवर नाव लागलं ते लेथम यांचं. लोस्त तेवढ्यावर थांबला नाही. 1906 साली ब्रिटनमध्ये त्याने फिल्मवरच प्रकाशाने आवाज नोंदवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. बोलपट बाजारात यायला तेव्हा वीसेक वर्षं होती. सिनेमाच्या इतिहासात एडिसनवर प्रकरणं आहेत, लोस्तला तळटीप.

तर बाईंचा लॅपटॉप. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080 ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर 62 लाख बाइट झाले. सेकंदाला 25 फ्रेमने बारा मिनिटांचे 112 जीबी होतील. प्रत्यक्षात फाइल सहज पाऊण जीबीत बसते, कारण पूर्ण चित्र मधूनमधूनच साठवलेलं असतं. बाकी फ्रेममध्ये मुख्यतः ‘मागच्यापेक्षा काय हललं’ एवढीच नोंद. त्यामुळे माल येतो तो कधी मूठभर, कधी पोतंभर. सर खुर्चीत बसून बोलत असतात तोवर काम हलकं. मुलांनी फुलं उधळली की एकदम पोतं. आत ओढाताण, बाहेर मात्र दर फ्रेम वेळच्या वेळी हवी. म्हणून प्लेअर थोडा माल आधीच आणून, उलगडून ठेवतो. त्याला बफर म्हणतात. ऑपरेटरच्या भाषेत झोल.

मी त्या सभागृहात नव्हतो, पण अशी सभागृहं पुष्कळ पाहिली आहेत. स्टेजजवळचं एकुलतं सॉकेट साउंडवाल्याने घेतलेलं असतं. लॅपटॉप बॅटरीवर, म्हणजे वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आधीच आखडता हात घेतो. व्हिडिओ नव्या फोनवर एचईव्हीसी पद्धतीत घेतलेला. तो उलगडणारी खास सोय जुन्या लॅपटॉपच्या चिपमध्ये नसते, सगळा भार प्रोसेसरवर. तो तापतो, तापला की स्वतःचा वेग आणखी उतरवतो. त्यात दुसरा पडदा सांभाळायचा, आणि फाइल त्या पेन ड्राइव्हवरूनच चालू. घरी यातलं एखाददुसरंच होतं आणि झोल पुरला. सभागृहात प्रत्येकाने थोडाथोडा खाल्ला. चौथ्या मिनिटाला काय निमित्त झालं, हे शोधण्यात म्हणूनच अर्थ नाही. फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या, आधीच साध्या एच.264 मध्ये बदलून ठेवा, चार्जरसाठी साउंडवाल्याशी भांडा. आणि व्हॉट्सॲप बंद करा. तो झोलाचा मुद्दा नाही, पण ‘दूध आणलंस का’ हे आठ फूट उंचीच्या अक्षरांत मी वाचलेलं आहे.

आणखी एक. केबल जोडताच प्रोजेक्टर लॅपटॉपकडे स्वतःची पत्रिका पाठवतो: माझे ठिपके इतके, चित्र सेकंदाला इतक्या वेळा बदलेन. पत्रिका म्हटली की त्यात थापा आल्याच. खोक्यावर ‘4के सपोर्टेड’ छापलेले स्वस्त प्रोजेक्टर 4केचा सिग्नल घेतात आणि आतल्या 1280 गुणिले 720 ठिपक्यांत कोंबतात. लॅपटॉप बिचारा फुल एचडीच्या चौपट ठिपके पाठवत दमतो, पडद्यावर त्यातलं काहीच दिसत नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपचं रिझोल्यूशन हाताने खाली आणावं.

बाईंचा दुसरा प्रश्न: सरांचे ओठ आणि आवाज जुळत का नव्हते? आवाज लॅपटॉपमधून थेट मिक्सरला गेला. चित्र प्रोजेक्टरच्या प्रक्रियेत रेंगाळलं. आवाज आधी, ओठ मागून. कानाला हे फार खुपतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतो, उशीर मात्र 125 पर्यंत लक्षात येत नाही. आयुष्यभर आपण वीज आधी आणि गडगडाट मागून अनुभवलेला असतो. फिल्मवर आवाजाची रेघ तिच्या चित्राच्या वीसेक फ्रेम पुढे छापलेली असायची, कारण आवाज वाचायचा तो गेटमधले हिसके संपल्यावर, खालच्या झोलानंतर. तो झोल लहानमोठा झाला की नायिकेचे ओठ मागेपुढे. दोन बोटं घालून बघायचं ते त्यासाठीही.

व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘के’ ही कळ दाबली की आवाज 50 मिलिसेकंद मागे सरकतो. तेवढ्या वेळात सभागृहातला आवाज साधारण 17 मीटर जातो. म्हणजे एकदा ‘के’ दाबणं आणि स्पीकरपासून 17 मीटर मागे जाऊन बसणं, कानाला सारखंच. तेव्हा ओठ जुळवताना लॅपटॉपपाशी उभं राहून ठरवू नका. कळ दाबायला एक चुणचुणीत विद्यार्थी बसवा आणि तुम्ही मधल्या रांगेतून हात करा.